बाटलीवरचा खण

ये, अशी जवळ बस. उंबऱ्यावर काय पाहुण्यावानी बसलीस? सहा महिन्यांनी आजीला तोंड दाखवलंस, आन् वर इचारतीस की आजोबा आता संग्रहालयात का जात न्हाईत. ठेव तो मोबाईल खाली, म्हंजे सांगते.

तुळजापूरच्या रस्त्याला जुन्या शाळेत ते छोटं संग्रहालय हाय ना, तिथं दर रईवारी तुझे आजोबा पोरांना लढाईची माहिती सांगायचे. त्यांचा डरेस, बूट आन् पाण्याची लष्करी बाटली तिथं काचेत ठेवलेली. बाटलीच्या लोकरी कव्हराला लाल खणाचं ठिगळ होतं. वाकळ शिवणारी बाई दुसरीचा टाका लांबून वळखती. तो टाका माझा नव्हता. लग्नानंतर म्या एकदा इचारलं, तर म्हणले, "मिळाली अशीच." लई वर्षं माझ्या मनात भलताच संशय होता, खोटं कशाला बोलू?

त्या रईवारी म्या बी संग गेलते. सास्तूरची एक म्हातारी आलती. नवरा तुझ्या आजोबांच्याच तुकडीत होता, लढाईत गेला. भूकंपात घर पडलं, त्यात त्याचा फोटू बी गेला, म्हणून इथं त्याचं काय बघाय मिळतंय का ते बघाय आलती. आजोबांनी नेहमीसारखं सांगितलं, "एका गोळीत गेला. हूं न्हाय की चूं न्हाय." लढाईनंतर तिला पत्रात बी त्यांनी हेच लिहिलं होतं.

म्हातारी काचेपाशी थांबली ती हलंचना.

"हा खण माझ्या चोळीचा हाय," ती म्हणली. "सुट्टीवर आलते तवा म्याच शिवला."

आजोबांचं तोंड पांढरंफटक पडलं. ती वळली. "तुमच्याकडं कशी आली ते नगा सांगू. एवढंच सांगा, शेवटाला तोंडात पाणी पडलं का त्यांच्या?"

म्या ह्यांचा हात दाबला, कानात बोलले, "पडलं म्हणा की!"

"न्हाय, आक्का," ते म्हणले. "दोघांच्या बाटल्या घिऊन पाणी भराय म्या गेलतो. माघारी येताना गोळीबार सुरू झाला. ते गोळी लागून उघड्यावर पडलेले, म्या जवळच्या खड्ड्यात. सांजंपातूर पाणी मागत होते. म्या उठलो न्हाय. आन् ह्या बाटलीतलं पाणी म्याच प्यालो."

म्हातारीनं संग्रहालयाच्या शिपायाला काच उघडाय सांगितली. तो म्हणला, "मावशी, अर्ज करावा लागंल."

"कर की मग तूच. मला लिव्हता येत न्हाय."

त्यानं काच उघडली. तिनं बाटली पदरानं पुसली, छातीशी धरली. डोळ्यात टिपूस न्हाय. दारात थांबून आजोबांना म्हणली, "एका गोळीत गेले, ह्या तुमच्या शब्दावर म्या आजपातूर झोपत होते."

आन् गेली.

तवापासनं हे संग्रहालयात जात न्हाईत. जेवताना तांब्या पुढं ठेवला तर नुसते बघत बसत्यात. म्या म्हणते, खरं बोललात, बरं केलंत. पण त्या बाईची झोप गेली ती गेलीच की. खोटं बोला म्हणणारी म्याच होते, आता कुठल्या तोंडानं तिच्या दारात जाऊ?

तू जा. फुडल्या खेपेला सास्तूरवरनं ये. तिला म्हण, आजी, आमच्या घरी चला. न्हाय म्हणली तर आग्रह करू नको, तिच्यापाशी घटकाभर बस. पण ये बाई, लवकर ये. ह्यांचं आता काय खरं न्हाय.