काकूंची तांबडी

आमच्या बोरीवलीच्या बैठ्या चाळीत शेजारच्या काकूंच्या परसात अळूचा वाफा आहे आणि चार कोंबड्या आहेत. मे महिन्यात काकू खुराड्यावर ओलं गोणपाट टाकतात आणि प्रत्येकीला विचारतात, "पाणी प्यायलीस का गं?"

परवा भरदुपारी मी अळू मागायला गेले, तेव्हा तांबडी कोंबडी चोच वासून धापा टाकत होती. काकूंनी तिला उचलून घरात नेलं आणि झोपलेल्या काकांवरचा टेबलफॅन तिच्याकडे वळवला. काका घामाघूम होऊन उठले.

"अगं, मलाही उकडतंय."

"तुम्हाला घाम तरी येतो. तिला तोही येत नाही."

काकांनी कोंबडीकडे बघितलं आणि वाटीत पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं. तिने चोच बुडवली, तेव्हा कुठे काकू खाली टेकल्या.