दाजींचं वेल्डिंग सुटलं

आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, टाक्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं वेल्डिंग केलं. हात असा की सांध्यावर रंग मारायचं जिवावर यावं. वेल्डिंगची जाड केबल ते डाव्या खांद्यावर टाकत. हाताला ओढ बसत नाही म्हणत.

बावन्नाव्या वर्षी त्यांना चालता चालता दोनदा भोवळ आली. हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते. डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. कामाची चौकशी करून डॉक्टरीणबाईंनी वेल्डिंगला साफ नकार दिला. केबलमधून मोठा करंट जातो, भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं; पेसमेकर त्यालाच हृदयाचे ठोके समजतो आणि गप्प बसतो, असं त्यांनी समजावलं. दाजींनी मान डोलावली. ती त्यांची जुनी सवय.

दोन महिन्यांनी ते कामावर रुजू झाले. फोरमनने हलकं काम दिलं. तिसऱ्या दिवशी एका टाकीचा सांधा तिघांच्या हातून गळतच राहिला. दाजींना बघवेना. त्यांनी केबल खांद्यावर घेतली आणि काम सुरू केलं. अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढे अंधारी आली, गुडघे वाकले. हातातला होल्डर सुटला, करंट तुटला, आणि पेसमेकर पुन्हा चालू झाला. ते फरशीवर बसून राहिले.

घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी फोरमनच येऊन सांगून गेला. ताई एरवी क्षुल्लक गोष्टीवरून घर डोक्यावर घेते. त्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला जमत नसेल तर सांगा. उद्यापासून मी गेटवर येऊन बसते."

"नको," दाजी म्हणाले. "सोडलं मी."

कारखान्याने चुंबकीय क्षेत्र मीटरने मोजून जमिनीवर पिवळी रेघ मारली. मशीन चालू असताना दाजींनी अलीकडे थांबायचं. झालेले सांधे तपासायचं काम त्यांना मिळालं. पहिले काही आठवडे ते कुणाशी धड बोलत नव्हते. सोबतचे त्यांना 'बॅटरीवाले' म्हणू लागले, तेव्हा कुठे तोंड उघडलं: "माझ्या बॅटरीची दहा वर्षांची गॅरंटी आहे. तुमचं काय?"

याला सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात माझ्या फाटकाची बिजागरी तुटली. वेल्डर बोलावला, तर दाजीही हजर. रस्त्यापलीकडे उभं राहून ते मला फोनवरून सूचना देत होते आणि मी त्या वेल्डरला सांगत होतो. फाटक आता व्यवस्थित लागतं. दाजींना मात्र ते काम अजून पसंत नाही.