जेरेचा डबा

येसाया जेरेनं आयुष्यात एकही धड फोटो काढला नाही. बायकोनं एकदा मोबाइल हातात देऊन नातीचा फोटो काढायला सांगितला, तर त्यानं स्वतःच्या अंगठ्याचा काढला. तरीही लुआंग्वा नदीकाठच्या त्या जंगल-सफारीच्या कॅम्पवर लांबलांबच्या देशांतून येणारे फोटोवाले आधी विचारायचे, "या तारखांना जेरे आहे ना?" तो नसला तर तारखा बदलायचे.

बिबट्या दिसला की बाकीचे गाइड गाडी थेट त्याच्या पुढ्यात नेऊन उभी करत. जेरे उलट्या दिशेला निघायचा. लांबचा वळसा घालून, सूर्य पाठीशी घेऊन एखाद्या रिकाम्या जागी गाडी लावायचा, इंजिन बंद करायचा आणि हाताची घडी घालून बसायचा. पाहुण्यांची चुळबुळ सुरू व्हायची. पाच-दहा मिनिटांत बिबट्या आपल्या पायांनी चालत उजेडात यायचा आणि कॅमेरे कडकडायला लागायचे. हे कसं कळलं, असं कोणी विचारलं तर जेरे म्हणायचा, "त्याला तहान लागली होती. मलाही लागली होती."

पायी फिरायचं असलं तर मात्र वन्यजीव खात्याचा बंदूकवाला रक्षक सोबत लागतो. तसा नियमच आहे. जेरेसोबत अकरा वर्षं एकच रक्षक होता, कासोंडे. सगळ्यात पुढे कासोंडे, त्याच्यामागे जेरे आणि मग पाहुण्यांची रांग. जेरेच्या हातात राख भरलेला जुना मोजा असायचा. तो झटकला की राख कुठे उडते त्यावरून वाऱ्याची दिशा कळायची. कासोंडेनं नुसती दोन बोटं वर केली की जेरे जागच्या जागी थांबायचा. गवतात हत्ती असो की म्हैस, दोघांना एकमेकांशी चकार शब्द बोलावा लागत नसे. जनावर निघून गेलं की जी तोंडं सुटायची ती परतीपर्यंत मिटायची नाहीत.

जेरे न्गोनी आणि कासोंडे बेंबा. दोघांच्या खापरपणजोबांनी एके काळी एकमेकांची यथेच्छ डोकी फोडली. मग दमले आणि ठरवलं की यापुढे भाले नकोत, नुसती जीभ चालवायची. तेव्हापासून या दोन जमाती चेष्टेतले भाऊबंद आहेत. एकानं दुसऱ्याला वाट्टेल ते बोलावं, त्याच्या खुर्चीवर बसावं, ताटातलं उचलावं, मयताला जाऊन रडणाऱ्यांना हसवावं. समोरच्यानं रागवायचं नाही. जो रागावला तो चुकला.

कासोंडेनं नोकरीच्या पहिल्याच दिवशी, नाव सांगायच्याही आधी, जेरेचा डबा उघडून त्यातलं अंडं आणि रताळं उचललं होतं. तेव्हापासून त्यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता. जेरे मात्र कधी उपाशी दिसला नाही. हे कसं, याचा विचार कोणी केला नाही.

सप्टेंबरात, नदीच्या कड्यांमध्ये लाल वेडे राघू घरटी करायला आले तेव्हा, किर्स्टनबाई कॅम्पवर आल्या. डेन्मार्कातल्या निवृत्त शाळामास्तरीण, हाडानं काटक, आणि लेन्स अशी की तिला स्वतंत्र उशी लागायची. जेरेनं त्यांना होडीतून कड्यासमोर अशा जागी नेलं की राघू उडताना त्यांच्या पंखांतून ऊन आरपार यायचं. बाई खूश होत्या. खटकत होती एकच गोष्ट, आणि ती रोज चहाच्या वेळी घडत होती.

"आण रे डबा, उंदीरखाऊ," कासोंडे म्हणायचा. पाहुण्यांना मजा वाटावी म्हणून दोघं मुद्दाम इंग्रजीत भांडत. "आज तरी माणसांचं जेवण आणलंयस, की काडीला टोचलेले उंदीर?"

"तू काय माकडाच्या शेपटीवर वाढलेला. तुला माणसांचं जेवण ओळखू येणार का?"

"तुमच्या न्गोनी लोकांनी आमची गुरं पळवली. हे अंडं त्याचं व्याज."

"घे बाबा घे. तुझ्या आईनं तुला पोटभर घातलं असतं तर तू खात्यात कशाला गेला असतास?"

बाकीचे पाहुणे हसायचे. किर्स्टनबाई हसल्या नाहीत. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या त्या बाईंना एवढंच दिसलं, की बंदूकवाला माणूस बिनबंदुकीच्या माणसाची जात काढतो आणि त्याचा डबा खातो. त्यांच्या शाळेत असल्या पोराला त्यांनी सोडलं नसतं. त्यांनी चार दिवस डब्याचे फोटो काढले, पुरावा म्हणून, आणि नव्या मॅनेजरसमोर ठेवले.

मॅनेजर रॉस केपटाउनहून येऊन तीनच आठवडे झाले होते. माणूस वाईट नव्हता, कामाला चोख होता. त्यानं दुपारी जेरेला ऑफिसात बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि वही उघडली.

"कासोंडे तुझं जेवण घेतो, हे खरं?"

जेरेला वाटलं, हा गोरा पोरगा तीन आठवड्यांतच आपल्या चेष्टेत सामील झाला की. त्याला भरून आलं, आणि त्यानं जीभ सैल सोडली.

"घेतो? लुटतो, साहेब. अकरा वर्षं. ती अख्खी जमातच तशी."

"तुझ्या लोकांना नावं ठेवतो?"

"झोपेतसुद्धा."

"तुला त्याची भीती वाटते?"

"माकडखाऊच्या हातात बंदूक आहे," जेरे म्हणाला. "कुणाला नाही वाटणार?"

रॉस काही हसला नाही. तो भराभरा लिहीत होता. जेरेला वाटलं, विनोद आवडला म्हणून लिहून घेतोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फेरीवरून परत आल्यावर आचाऱ्यानं त्याला भांडी घासायच्या मोरीपाशी गाठलं. "काय करून बसलास? कासोंडेला कॅम्पवरून काढलाय. उद्या सकाळी खात्याची गाडी येतेय. उत्तरेकडच्या कुठल्यातरी ठाण्यावर टाकतायत म्हणे, दोन दिवसांच्या वाटेवर. तू तक्रार केलीस म्हणून."

जेरे तसाच रक्षकांच्या खोल्यांकडे धावला. कासोंडे खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होता. त्यानं मान वर केली, उभा राहिला आणि हलकेच टाळ्या वाजवल्या, जशा परक्या वडीलधाऱ्याला मान देताना वाजवतात.

"या, बा जेरे," तो म्हणाला. "कसे आहात?"

'बा' लावून मान द्यायचा तो सरपंचाला, पाद्र्याला, सासऱ्याला. अकरा वर्षांत कासोंडेच्या तोंडून त्याला उंदीरखाऊ, गुरंचोर, वाळका शेंगदाणा असं सगळं ऐकायला मिळालं होतं. इतकी मोठी शिवी त्यानं कधी दिली नव्हती.

"अरे माकडा, मला वाटलं तो साहेब गंमत करतोय," जेरे म्हणाला.

"असेल, बा जेरे. बसा ना. पाणी देऊ?"

जेरे बसला नाही. बसला असता तर रडला असता, आणि रडला असता तर कासोंडेनं त्याला रुमाल दिला असता, अगदी सभ्यपणे. तो सायकल घेऊन घरी आला.

नेलेसीनं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. ती रताळी उकडत होती. "मग जा आणि त्या साहेबाला सरळ सांग, कासोंडे चांगला माणूस आहे."

"सरळ? कासोंडेबद्दल? चांगलं?"

"जीभ झडणार नाही तुझी."

"आयुष्यात कधी बोललो नाही मी तसं. आणि त्याला कळलं तर मरेपर्यंत मला छळेल."

"इथे राहिला तर छळेल ना," नेलेसी म्हणाली आणि अंडी उकळत्या पाण्यात सोडली.

पहाटे जेरे कॅम्पवर पोचला तेव्हा शेकोटीभोवती पाहुणे लापशी खात होते. रॉस कॉफी घेऊन उभा होता. पलीकडे मसाल्याच्या रंगाच्या धुळीत कासोंडे आपल्या पेटीवर बसून गाडीची वाट बघत होता. बंदूक त्यानं आधीच जमा केली होती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"साहेब, परवा मी बोललो ते सगळं खोटं," जेरे म्हणाला. "आमच्यात तसं बोलायची रीत आहे. हा..." त्यानं पेटीकडे बोट केलं. "हा कासोंडे चांगला माणूस आहे. माझ्यापुढे चालतो तेव्हा मला पुढची काळजी नसते. म्हणजे मला मागे बघता येतं, पाहुण्यांकडे, कारण पुढे तो असतो. असा दुसरा मिळणार नाही."

एवढं बोलून त्याला घाम फुटला. पेटीवरच्या कासोंडेनं नजर बुटांवर खिळवली.

रॉस हळू आवाजात म्हणाला, "जेरे, तुला कोणी धमकावलं का?"

आता याला काय सांगायचं? खरं बोलावं तर धमकी वाटते, खोटं बोललो तर वहीत उतरवून घेतलं. किर्स्टनबाईही काळजीनं बघत होत्या. जेरेनं पिशवीतून डबा काढला, शेकोटीशेजारच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं.

दोन अंडी. दोन रताळी. शेंगदाण्याच्या दोन पुड्या, वेगवेगळ्या बांधलेल्या.

"मी चहाला एकच अंडं खातो," जेरे म्हणाला. "दुसरं मला पचत नाही, बायकोला विचारा. अकरा वर्षं ती रोज दोघांचं बांधते. चोराचा वाटा कोणी घरून बांधून आणतं का, साहेब?"

किर्स्टनबाईंनी चष्मा लावला आणि कॅमेऱ्यातले आपले पुराव्याचे फोटो एकेक करून मोठे करून पाहिले. सोमवार, दोन अंडी. मंगळवार, दोन अंडी. झाडाच्या बेचक्यातल्या बिबट्याच्या मिशा मोजणाऱ्या त्या बाई कानापर्यंत लाल झाल्या. "रॉस," त्या म्हणाल्या, "खात्याला पाठवलेलं ते तक्रारीचं पत्र मागे घ्या. चूक माझी आहे, आणि मी ती तुमच्या वहीत स्वतः लिहिते."

रॉसनं एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा कासोंडेकडे, आणि फोन करायला ऑफिसात गेला.

सगळ्यांना वाटलं, आता कासोंडे हसेल. पण तो पेटीवरून उठून हळूहळू टेबलापाशी आला आणि डब्यात बघत राहिला. त्याचा चेहरा अगदी उतरला होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "अकरा वर्षं मी काही चोरलंच नाही?"

"नाही," जेरे म्हणाला.

"तुम्ही मला जेवायला घालत होतात. तू आणि नेलेसी."

"ती घालत होती. माझा काही संबंध नाही."

बाईंनी कॅमेरा उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, तसाच खाली ठेवला. कासोंडेनं मनगटानं नाक पुसलं, आपल्या वाट्याचं अंडं घेतलं, टेबलावर आपटून सोललं आणि दोन घासांत संपवलं.

"ऐक, उंदीरखाऊ," तो म्हणाला आणि जेरेचा जीव भांड्यात पडला. "बायकोला सांग, उद्यापासून तीन बांध."

"तीन कशाला?"

"तिसरं मी चोरीन."