चेंडू झाकून पाहिलेला माणूस

एखाद्याचे शरीर त्याला वर्षानुवर्षे दगा देत असताना ‘याचा दिवस येणार आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते अनुमान असते की केवळ सदिच्छा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. माझ्याजवळ उदाहरण एकच आहे, आणि एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी आरंभीच मान्य करते. परंतु ते उदाहरण मी जवळून आणि बराच काळ पाहिले आहे.

२००४ साली मी मिनेसोटातील एका विद्यापीठात संख्याशास्त्राची विद्यार्थिनी होते. त्यापूर्वी नाशिकच्या एका शाळेत मी चार वर्षे गणित शिकवले होते. त्यामुळे उन्हाळी सत्रात विद्यापीठाच्या खेळाडूंना संख्याशास्त्राची उजळणी करून देण्याचे काम निघाले, तेव्हा मी अर्ज केला. खेळाडूंच्या अभ्यासिकेचे नियम कडक होते. दार उघडे ठेवायचे. खेळाडूचा गृहपाठ आपण सोडवायचा नाही. त्याच्या कागदावर शिकवणाऱ्याने पेन्सिलसुद्धा टेकवायची नाही, फक्त प्रश्न विचारायचे. हा शेवटचा नियम मला फार आवडला. आमच्या शाळेत तो असता तर अनेक मुले अधिक गणित शिकली असती.

माझ्याकडे आलेला विद्यार्थी अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू होता. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. यात एक संघ चेंडू हातात घेऊन पुढे जाऊ पाहतो आणि दुसरा त्याला रोखतो. रोखणाऱ्यांची जी पहिली फळी असते, तिच्या अगदी मध्यभागी हा उभा राहत असे. वय एकवीस, वजन एकशे चाळीस किलोच्या आसपास, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात वाढल्यामुळे प्रत्येक वाक्यात ‘मॅम’. पहिल्या वर्षी त्याचा गुडघा गेला, दुसऱ्या वर्षी खांदा, तिसऱ्या वर्षी घोटा. दरवर्षी ऑगस्टमध्ये स्थानिक वर्तमानपत्र लिहीत असे की, हा खेळाडू या हंगामात चमकणार. आणि दरवर्षी ऑक्टोबरपर्यंत तो मैदानाबाहेर असे.

आता त्याचे शेवटचे वर्ष उरले होते. संख्याशास्त्रात उत्तीर्ण झाला नाही तर नियमाप्रमाणे त्याला मैदानात उतरता येणार नव्हते. उत्तीर्ण झाला तरी पहिल्या अकरांत त्याला घ्यायचे की बाकावर बसवायचे, हे प्रशिक्षकांनी ठरवलेले नव्हते. आणि या हंगामात तो दिसला नाही, तर पुढे व्यावसायिक संघांपैकी कोणी त्याच्याकडे वळून पाहण्याचे काही कारण नव्हते. हे त्याने मला पहिल्याच दिवशी, तक्रारीचा सूर न लावता सांगितले. मग वही उघडली आणि म्हणाला, “मॅम, सरासरी मला येते. त्यापुढचे काहीच येत नाही.”

अभ्यासक्रमात प्रत्येकाने एक लहान प्रकल्प करायचा होता: स्वतः निरीक्षणे नोंदवायची आणि त्यांवरून निष्कर्ष काढायचा. मी सुचवले की त्याने स्वतःचाच खेळ तपासावा. मागच्या हंगामातील एका सामन्याची चित्रफीत त्याने आणली. विषय जमण्यासारखा आहे की नाही हे पाहण्यासाठी, तो पुन्हा येण्याआधी, मी ती एकटीने पाहिली आणि माझ्या वहीत कोष्टक मांडले.

येथे मी जी चूक केली ती सविस्तर सांगणे आवश्यक आहे. नाशिकच्या शाळेत क्रिकेटच्या सामन्यांची धावनोंद माझ्याकडे असे, कारण माझे अक्षर सुवाच्य होते. चार वर्षे मी झाडाखालच्या टेबलाशी बसून चेंडूवरची नजर ढळू दिली नव्हती. जिथे चेंडू तिथे नोंद. तोच डोळा मी या खेळाला लावला. चेंडू कोणाकडे गेला, त्याला कोणी पाडले, एवढ्याच गोष्टी मी लिहिल्या. माझ्या विद्यार्थ्याच्या रकान्यात शून्यांची उभी रांग तयार झाली. शेवटी मी सवयीने ‘सहभाग: नगण्य’ असा शेराही लिहिला.

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात माझी नागपूरची मैत्रीण पोहे भिजवत होती. वही पाहून ती म्हणाली, “यार, त्याच्यासाठीपण कोष्टक काढलंस?”

“कोष्टकाशिवाय काही दिसत नाही.”

“अगं, एकशे चाळीस किलोचा माणूस कोष्टकाशिवायही दिसतो! मला तर हा खेळ म्हणजे हेल्मेट घातलेली कबड्डी वाटते. पण तू त्याला खरंच शून्य दिलंस?”

“शून्य मी देत नाही. जे झालं ते लिहिते.”

“मग उद्या हळू आवाजात सांग. नाहीतर टेबल उलटेल.”

दुसऱ्या दिवशी मी अगदी सौम्यपणे म्हटले की, आपण विषय बदलूया. त्याने वही स्वतःकडे ओढली आणि शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचली. मला वाटले तो दुखावला जाईल. तो हसला.

“मॅम, तुम्ही कुठे बघत होता?”

“चेंडूकडे.”

“तिथे मी नसतोच. परत लावा.”

चित्रफीत सुरू झाली. त्याने आपला भला मोठा पंजा पडद्यावर धरला आणि चेंडू असलेली सगळी बाजू झाकून टाकली. “आता बघा,” तो म्हणाला.

चेंडू नाहीसा झाल्यावर मला माणसे दिसू लागली. खेळ सुरू होताच समोरचे दोन गडी एकाच वेळी त्याच्या अंगावर येत. एक छातीवर, दुसरा बरगडीवर. तो त्यांना मागे ढकलत नव्हता आणि स्वतःही मागे सरकत नव्हता. जागेवर रुतून बसल्यासारखा उभा राहत होता. समोरचे दोघे त्याच्यात गुंतल्यामुळे त्याच्या मागचा सोबती मोकळा राहत होता, आणि चेंडूवाल्याला पाडत होता तो सोबती. माझ्या वहीत नोंद त्या सोबत्याची होती.

“हे दर वेळी होते का?” मी विचारले.

“ते तुम्ही मला मोजायला सांगायचे ना, मॅम?”

मला शाळेतला एक गोलंदाज आठवला. एका टोकाकडून तो धावाच देत नसे. कंटाळून फलंदाज दुसऱ्या टोकाला आडवातिडवा फटका मारत आणि बाद होत. बळी दुसऱ्याच्या नावावर. बक्षीस समारंभाची यादी माझ्याच नोंदींवरून बनली होती. तिच्यात त्याचे नाव नव्हते.

मी वहीतले ते पान फाडले नाही, पण शेरा खोडला आणि शेजारी ‘निरीक्षण चुकीच्या जागी’ असे लिहिले.

पुढचे सहा आठवडे तो मोजत होता. प्रत्येक खेळीत, म्हणजे चेंडू हलल्यापासून शिटी वाजेपर्यंतच्या प्रत्येक झटापटीत, आपल्यावर किती जण आले, आपले पाऊल मागे गेले का, चेंडू कुठे अडला. हातात बसेल अशी पेन्सिल त्याला सापडत नसे, म्हणून तो जाड खडूसारख्या मार्करने लिही. त्याची चिकाटी पाहून मला माझ्या स्वतःच्या प्रबंधाची लाज वाटू लागली होती. एका खेळीबद्दल शंका आली तर ती तो वीसदा पाही. स्वतःच्या बाजूने एकही संशयास्पद नोंद त्याने धरली नाही. “हे माझे नाही,” असे म्हणून तो पुढे जाई.

जुलैच्या अखेरीस त्याने एक नवा रकाना जोडला. मी सांगितलेला नव्हता. तिन्ही दुखापतींच्या चित्रफिती त्याने शोधून आणल्या होत्या. स्वतःचा गुडघा मोडताना पुन्हा पुन्हा पाहणे काय असते याची मला कल्पना नाही. मी मान फिरवली, त्याने फिरवली नाही.

“तिन्ही वेळा सामन्याचा शेवट आहे, मॅम. दमलो की मी खाली वाकत नाही. उभा राहतो. उभा राहिलो की दोघांचे वजन सांध्यावर येते.”

मी शिक्षिकेचे कर्तव्य केले. “तीन ही संख्या निष्कर्षासाठी फार लहान आहे.”

“हो, मॅम. पण चौथा नमुना मला मिळवायचा नाहीये.”

मी तो रकाना राहू दिला.

त्याने अहवाल लिहिला. भाषा ओबडधोबड होती, पण अनुमाने पुराव्यापुढे कुठेही धावलेली नव्हती. वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकांनी त्याला चांगली श्रेणी दिली आणि तो खेळण्यास पात्र ठरला. मग अहवालाची एक प्रत घेऊन तो फळीच्या प्रशिक्षकांकडे गेला. तिथे काय झाले ते त्यानेच मला सांगितले. प्रशिक्षक कमी बोलणारे होते. त्यांनी कोष्टके उभ्यानेच चाळली आणि म्हणाले, “दोघांना अडवतोस हे मला माहीत होतं. कधी थांबायचं हे तुला कळतं, हे माहीत नव्हतं.” ठरले असे: तो पहिल्या अकरांत राहील, पण कंबर ताठ होऊ लागली असे वाटताच हेल्मेटवर दोनदा थाप मारून स्वतः बदली मागेल आणि दम खाऊन परत येईल.

ऐकायला हे सोपे वाटते. परंतु ज्याला तीन वर्षे ‘नाजूक’ म्हणून हिणवले गेले, त्याने हजारो लोकांसमोर आपणहून बाहेर येणे म्हणजे त्या शब्दावर स्वतःच शिक्का मारण्यासारखे होते. पुन्हा जिद्दीने मैदानात उभे राहणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. वेळेवर बसणारा त्याच्याइतका धैर्यवान माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. तोपर्यंत त्याने एकही सामना चुकवलेला नव्हता. मैत्रिणीला मी ओढून नेले. तिने थर्मासमधून चहा आणला होता आणि थंडीला शिव्या देत होती. शेवटच्या सत्रात आमचा संघ थोडक्यात पुढे होता आणि प्रतिस्पर्धी अगदी आमच्या सीमेपाशी येऊन ठेपले होते; चेंडू घेऊन ती ओलांडली की ते पुढे जाणार होते. नेमक्या त्या क्षणी त्याने हेल्मेटवर दोनदा थाप मारली आणि तो चालत बाहेर आला.

आमच्या मागच्या रांगेतला एक वयस्कर गृहस्थ ओरडला, “गेला! परत मोडला! मी म्हटलं नव्हतं?”

मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, “सांगू का त्याला?”

“नको. बघ फक्त.”

दोन खेळी तो बाकावर वाकून बसला होता. पाठ हलत होती. प्रतिस्पर्धी आणखी थोडे पुढे सरकले. लोक त्याच्या नावाने हुर्यो करू लागले. तिसऱ्या खेळीला तो परत गेला आणि जागेवर इतका खाली वाकला की मला त्याचे हेल्मेट दिसेना. मी दोन्ही हातांनी डोळ्यांच्या कडा झाकल्या आणि फक्त त्यालाच पाहिले. दोघे अंगावर आले, मग तिसराही आला. ढीग हलला नाही. शिटी वाजली, सगळे मैदान उभे राहिले, आणि काय झाले ते मला मैत्रिणीला विचारावे लागले.

“अडवलं गं! तो मागचा, उंच मुलगा! त्याने पाडलं!”

ध्वनिक्षेपकावरून त्या उंच मुलाचेच नाव पुकारले गेले. मागचा गृहस्थही त्याच्यासाठीच टाळ्या वाजवत होता. ढिगाच्या तळातून माझा विद्यार्थी सर्वांत शेवटी उठला. आधी एक गुडघा, मग दुसरा. दोन्ही पायांवर नीट उभा राहिला आणि चालत आपल्या जागी गेला.

पुढील वसंतात एका व्यावसायिक संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले. निवड करणाऱ्या माणसाने सगळ्या चित्रफिती मागवून घेतल्या होत्या. तो तिथे दोन हंगाम होता, बहुधा राखीव खेळाडूंत. पहिल्या पानावर त्याचे छायाचित्र कधी आले नाही. आपल्या गावाकडे परतून तो शाळेच्या संघाला शिकवू लागला, हे मला त्याच्या पत्रावरून कळले.

तर तो चमकला का? वर्तमानपत्राच्या अर्थाने नाही. परंतु ‘याचा दिवस येणार आहे’ हे वाक्य त्याच्या बाबतीत चुकीचे होते, कारण त्याचे पुष्कळ दिवस येऊन गेले होते आणि माझ्यासारख्या नोंद ठेवणाऱ्यांनी ते लिहिले नव्हते. उरलेला एक भाग, आपल्या शरीराचे ऐकणे, तो त्या उन्हाळ्यात शिकला. माझे मत असे की त्याच्याबद्दलची आशा हे अनुमानच होते, फक्त त्याचा पुरावा चेंडूपासून दूर पडलेला होता.

हे माझे मत आहे आणि ते एका माणसावर आधारलेले आहे. म्हणून वाचकांना विनंती करते: या खेळाचा कोणताही एक सामना लावा, चेंडूकडे न पाहता रोखणाऱ्या फळीतल्या मधल्या माणसाकडे सलग दहा खेळी पाहा, त्याच्यावर किती जण येतात ते कागदावर लिहा, आणि मी सांगितले ते खरे आहे की नाही हे स्वतः तपासा.