परत नेलेले पाट

माझा राग लवकर जात नाही. लोक म्हणतात सोडून दे, पुढे बघ. मी पुढे बघतेच, फक्त सोडून देत नाही.

कोलार रोडवर आमचं पूजासाहित्याचं आणि थोड्याफार किराण्याचं दुकान आहे. बाबा कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा त्यांनी ते टाकलं. भोपाळात मराठी माणसाला मेतकूट, गोडा मसाला, वाती, बुक्का एका जागी मिळत नसे, ते आमच्याकडे मिळू लागलं. पण दुकान खरं चालायचं ते गणपतीवर. बाबा पेणहून शाडूचे गणपती मागवायचे. कोकणातल्यासारखी पद्धत त्यांनी इथे लावली होती. राखीच्या आसपास प्रत्येक घरानं आपला पाट दुकानात आणून द्यायचा. गणपती आले की बाबा ज्याचा त्याला पाटावर बसवून ठेवायचे. मग घरच्यांनी यायचं आणि पाटासकट देव घेऊन जायचा. कुठला पाट कोणाचा हे कधी विचारावं लागलं नाही.

मग समोर ते मोठं दुकान उघडलं. काचेचे दरवाजे, आत एसी, ढकलगाड्या. पहिल्या महिन्यात आमची साखर-तेलाची गिऱ्हाइकं गेली, दुसऱ्यात मसाल्याची. बाबा म्हणायचे, जाऊ दे, गणपती तर आपलेच आहेत ना. आमचा दुकानमालकही आम्ही हलायचीच वाट बघत होता. "अंकलजी, सामनेवाले गोदाम के लिए पूछ रहे हैं," असं त्यानं सांगून ठेवलं होतं. बाबांनी त्याच्याकडे गणपतीपर्यंतची मुदत मागितली. म्हणजे गणपती खपले तर दुकान राहणार, नाही तर दिवाळीच्या आधी पसारा आवरायचा, हे आम्हा दोघांनाही स्पष्ट होतं.

आणि त्याच वर्षी समोर फलक लागला. गणपती बुक करा, धूप, कापूर, मखर फ्री.

सगळ्यात आधी आल्या त्या काकू. बाबांच्या कारखान्यातल्या दोस्ताची बायको, आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. नवीन लग्न होऊन इथे आल्या तेव्हा, दुकानाच्या कितीतरी आधी, त्यांचा पहिला गणपती बाबांनी स्कूटरवरून घरी पोचवला होता. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका हं. पाट परत हवा होता. तिथे कसं, सगळं एकाच छताखाली मिळतं."

बाबांनी पाट काढला, फडक्यानं पुसला आणि दिला. वर "सांभाळून न्या वहिनी" म्हणाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गणपती पेणहून निघाले होते, आता ते परत पाठवता येणार नव्हते. अध्यक्षबाई गेल्या म्हटल्यावर मंडळ मागे कसं राहील? आठवडाभर बायका येत राहिल्या, कुणी लाजत, कुणी फोनवर बोलत बोलत. बाबा प्रत्येकीचा पाट पुसून देत होते. शेवटी आमच्या घरचा एक पाट सोडून मांडणी रिकामी झाली आणि गणपती आले ते उघड्या फळीवर बसले. बाबा त्यांच्याकडे पाठ करून बसायचे. त्या पाठीकडे बघून मी ठरवलं, या काकूंना रडवल्याशिवाय राहायचं नाही.

देवानं माझं ऐकलं, असंच मी म्हणेन.

समोरचे गणपती बंद खोक्यातून आले, हरतालिकेच्या दिवशी सकाळी. बायकांनी घरी नेऊन खोकी उघडली, तर एकूण एक गणपती उजव्या सोंडेचा. खरेदी करणारा कोण होता कोण जाणे, त्याला कोणीतरी सांगितलं असणार की उजवा जास्त पावतो. आपल्या लोकांत उजव्या सोंडेचा घरी बसवायचा म्हणजे केवढं कडक सोवळं! नोकऱ्या करणाऱ्या बायका, कुठून करणार? मंडळाच्या व्हॉट्सॲपवर नुसता आकांत. खोकी घेऊन त्या परत गेल्या तर मॅनेजर म्हणाला, "मैडम, भगवान तो वही हैं ना."

मग आठवलं आमचं दुकान. बाबा दूर्वा-फुलं आणायला गेले होते, गल्ल्यावर मी.

"अगं, डाव्या सोंडेचे आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत की. पाट कुठंय?"

"आता देऊन टाक ना नुसताच."

"नाही हं. आमच्याकडे देव पाटावरूनच जातो. जा, घेऊन या."

हरतालिकेचा निर्जळी उपास, डोक्यावर ऊन, आणि या सगळ्या पाट कडेवर घेऊन त्या काचेच्या दरवाज्यांसमोरून माझ्याकडे येतायत. उपाशी मीही होते, पण काय सांगू, पोट भरलं माझं! एकेकीला गणपती दिला, हसून दिला. सगळ्यांचे हिशेब मी माफ केले. एक सोडून.

काकू दुरून येताना दिसल्या. त्यांचा गणपती दरवर्षी एकाच ठेवणीचा, लोडाला टेकलेला, लाल पितांबराचा. तो फळीवर होता. समोर एक नवीन जोडपं उभं होतं, त्यांच्याकडे पाटही नव्हता. मी तो उचलला आणि त्यांच्या हातात ठेवला. नियम गेला खड्ड्यात.

"अगं, आमचा?" काकूंनी पाटावरची जुनी साडी सोडत विचारलं.

"तुमचा गेला काकू. तिथे सगळं एकाच छताखाली मिळतं ना?"

त्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. त्यांच्या घरी गणपतीचा खाडा कधीच पडला नव्हता. मला जरासुद्धा दया आली नाही. उलट वाटलं, बाबा आत्ता इथे असते तर त्यांनीही बघितलं असतं.

तेवढ्यात बाबा आलेच. त्यांनी काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सरळ आत गेले. आता आत एकच गणपती उरला होता, आमच्या घरचा. बाबांनी तो आमच्या पाटावरून उचलून काकूंच्या पाटावर ठेवला.

"न्या वहिनी."

आणि बाईनं नेला हो! एकदा तोंडदेखलं 'नको' नाही. बाबा स्वतः रिक्षापर्यंत पोचवून आले. दुसऱ्या दिवशी आमच्या पाटावर बाबांनी सुपारी मांडली, तिलाच गणपती म्हटलं. आरतीला मी टाळ्या वाजवल्या त्या कुणाच्या तरी थोबाडीत मारल्यासारख्या.

जेवताना न राहवून विचारलं, "कशाला एवढं चांगलं वागायचं?"

बाबांनी मोदकावर तूप घेतलं. "चांगलं कुठे वागलो? तू तिला रडवून पाठवली असतीस तर घरोघर तुझं नाव सांगत फिरली असती आणि समोरच गेली असती. दुकान उठलं असतं. आता ती आपल्या घरचा देव घेऊन बसलीय. समोरून एक काडेपेटी तरी घेऊ शकेल का ती? आणि ती नाही गेली तर बाकीच्या जातील?"

खाण तशी माती म्हणतात. इतकी वर्षं मला वाटायचं, मी आईवर गेले.

दुकानमालक पुन्हा गोदामाचं बोलला नाही. काकू आता साधी वात संपली तरी आमच्याकडेच येतात, समोर स्वस्त असली तरी. बाबा खुर्ची देतात, पाणी विचारतात, घरच्यांची चौकशी करतात. काकूंची मान वर होत नाही. आणि त्या उठायला लागल्या की बाबा न चुकता म्हणतात, "बसा हो वहिनी, घाई काय आहे?"