रिममधला चिखल आणि माझा हात

आज सकाळी कंपनीच्या कॅबने मारुंजीहून चाकणला निघाले. हायवेला गाडी साठच्या पुढे गेली की स्टेअरिंग थरथरायला लागायचं. मी वैतागून ॲपवर तक्रार टाइप करायला घेतली.

ड्रायव्हर बालाजीभाऊ आमच्याच सोसायटीत भाड्याने राहतात. आरशात बघून म्हणाले, "ताई, तक्रार गेली तर ड्युटी जाईल माझी. दोन मिनिटं गॅरेजला दाखवून घेतो."

मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

ताथवड्याच्या गॅरेजवाल्याने गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "उभी असताना थरथरते? ब्रेक दाबल्यावर?"

"न्हाई. फक्त वेगात. स्टेअरिंगच हलतंय."

"मग पुढची चाकं बघू."

चाक काढलं तर रिममध्ये आतून एकाच बाजूला चिखल, वाळून दगड झालेला. त्याने तो खरवडून काढला. "एकीकडे वजन वाढलं की चाक वेगात उड्या मारतं. गाडी कुठं लावता राव?"

"सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर. सगळा चिखलच हाय तिथं. आत पिवळ्या नंबरपाटीच्या, भाड्याच्या गाड्या लावू देत न्हाईत."

हा नियम सोसायटीच्या गेल्या मीटिंगमध्ये झाला. मीही बाजूने हात वर केला होता. का, ते आता आठवतसुद्धा नाही.

पुढे चाकणपर्यंत स्टेअरिंग जराही हललं नाही. भाऊ खुशीत होते.

उद्या ते मला न्यायला येतील, त्याच चिखलातून. तुमच्या सोसायटीत आहे का असा नियम? तेव्हा तुमचा हात कुठे होता?