चष्मा पुसण्याएवढी प्रार्थना

आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना होते. मोठ्याने, डोळे मिटून, आणि बाबा करत असतील तर आमटी गार होईपर्यंत. डोलवीला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मात्र माझी प्रार्थना चष्मा पुसण्याएवढीच असायची. डबा उघडायचा, चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने काचा पुसता पुसता मान खाली घालायची, तेवढ्यात देवाचे आभार मानून घ्यायचे आणि चष्मा चढवून भाकरीला हात घालायचा. कोणाला काही कळत नाही, अशी माझी समजूत होती. कळत नव्हतंच. कारण मागच्या वाढदिवसाला आमच्या शिफ्टमधल्या मंडळींनी मला काचा पुसायचं मऊ फडकं आणि स्प्रेची बाटली भेट दिली. म्हणाले, "साहेब, तुमच्या काचा लय धुरकटतात."

तसा मी मुका नाही. आमच्या नात्यात लग्न असो की कोणाचा बाप्तिस्मा, जुने किस्से सांगायला मलाच उभं करतात, आणि बसवायला दोन माणसं लागतात. पण समोर परका माणूस असला आणि गोष्ट येशूकडे वळायला लागली की माझी जीभ टाळूला चिकटते. पेणला राहायचं म्हणजे श्रावण लागला की रिक्षावाल्यापासून दाढी करणाऱ्यापर्यंत सगळे विचारणार, "तुमच्याकडं गणपती किती दिवसांचा?" आम्ही ख्रिस्ती आहोत, इतकं साधं उत्तर. मी मात्र "यंदा नाही" असं पुटपुटून रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलायला लागायचो. एकदा एक शेजारीण आमच्याकडे सुतक आहे असं समजून माझ्या बायकोचं सांत्वन करून गेली. बायकोने चहा दिला, खरं काय ते सांगितलं, आणि ती गेल्यावर मला विचारलं, "कोण गेलं म्हणे आपल्यात? तुमची हिंमत?"

बाबांचं अगदी उलट. ते एसटीत कंडक्टर होते. अनोळखी माणसांशी बोलण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक घडीचं टेबल घेतलं आणि दरवर्षी नाताळाआधीच्या शनिवारी ते घेऊन ते पेणहून रोह्याला जायला लागले. बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीपुढे टेबल मांडायचे. त्यावर शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका आणि नव्या वर्षाची कॅलेंडरं, दोन्ही फुकट. ज्याला हवं त्याने न्यावं. कोणी थांबलाच तर त्याला येशूने सांगितलेली एखादी गोष्ट सांगायची आणि त्याने म्हटलं तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची. दिवस मावळायला आला की परत. मला ते कधी सोबत चल म्हणाले नाहीत. मी कधी विचारलं नाही. आमच्यात हा अबोल करार छान चालला होता.

मग या पावसाळ्यात बाबांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, आणि ज्या आवाजाने सबंध गाडी पुढे सरकायची, त्या आवाजात आता एका वेळी एक-दोन शब्द, तेही ओढून आणल्यासारखे. डिसेंबर लागला तसे ते दाराआडच्या त्या टेबलाकडे बघत बसायला लागले. एक दिवस डाव्या हाताने काठी उचलून त्यांनी टेबलाकडे दाखवलं आणि म्हणाले, "देऊन... टाक."

"कोणाला?"

"कोणाला... पण."

बायको ताट वाढत होती, ती थांबली. मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की काचा आपोआप स्वच्छ झाल्या.

"बाबा, टेबल कुठं जात नाही," ती म्हणाली. "हे नेतील रोह्याला. माझं माहेरच आहे तिथं. घाबरले तर माझ्या आईच्या मागे लपतील."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत आग्रह नव्हता. असता तर मी नाही म्हणू शकलो असतो.

शनिवारी सकाळी मी एसटीत टेबल चढवलं. रोहा येईपर्यंत मी मनातल्या मनात भाषणाची उजळणी करत होतो. सुरुवात जमायची, शेवट जमायचा, मध्ये येशू यायचा तिथे मला खोकला यायचा.

बाजारात ती पायरी सापडली. शेजारी सुकट विकणारी एक खाडीकाठची मावशी बसली होती, तिने मला टेबल उघडायची धडपड करताना मनसोक्त पाहिलं आणि मगच सांगितलं, "अरे, उलटं धरलंयस ते." मी पुस्तिका मांडल्या, कॅलेंडरं रचली, आणि त्यांच्यामागे होईल तितका लहान होऊन बसलो.

पहिल्याने एक आजोबा आले. "आधार लिंक करायचं हाय का हितं?" मी नाही म्हटलं. दुसऱ्याला मतदार यादी हवी होती. तिसऱ्याने उभ्या उभ्या कॅलेंडर चाळलं आणि ठेवून दिलं. "यात आवस दिसत नाय. पुनव पण नाय. भिंतीला लावून काय करू? म्हाताऱ्याच्या कॅलेंडरात असायची."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमची कॅलेंडरं छापून येतात त्यात वार असतात, तारखा असतात, आमचे सण असतात, तिथी नसतात. बाबा नोव्हेंबरभर शिसपेन्सिल घेऊन बसायचे आणि प्रत्येक प्रतीवर हाताने अमावास्या आणि पौर्णिमेच्या खुणा करायचे. खाडीकडच्या लोकांसाठी उधाण कधी आणि पाणी कमी चढायचे दिवस कुठले, तेही टिपायचे. मी हे बघितलं होतं. हसलो होतो. "बाबा, आपल्या कॅलेंडरात अमावास्या कशाला?" असंही एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, "भिंतीवर राहायचं असेल तर त्या घराच्या कामाला यायला नको?" आणि मी आज कोरी करकरीत कॅलेंडरं घेऊन बसलो होतो.

"म्हातारबाबा कुटं?" सुकटवाल्या मावशीने विचारलं. मी सांगितलं. तिने हातातली सुकट खाली ठेवली. "आवाज गेला? त्याचा?" मग बराच वेळ ती गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसत राहिली.

दुपारी एक तरुण मोटारसायकल थांबवून टेबलापाशी आला. पुस्तिका हातात घेऊन त्याने सरळ विचारलं, "धर्म बदलायला सांगताय काय लोकांना?"

याच प्रश्नाची मला इतकी वर्षं भीती. माझ्या भाषणात याचं उत्तर होतं, चांगलं लांबलचक होतं, पण ते वाटेतच कुठंतरी एसटीतून उतरून गेलं असावं. मी म्हटलं, "मी... कॅलेंडर..."

"ए पोरा," मावशी जागची न हलता म्हणाली, "ह्याचा बाप इतकी वर्सं हितं बसतो. माझ्या पोराला ताप आला तवा त्यानं त्याच्या देवाकडं मागणं मागितलं. माझी एकवीरा हाय तिथंच हाय. त्यानं कोणावर बळजबरी केली नाय. आणि हा तर... ह्याच्याकडं बघ तरी. हा कोणाला काय बदलतोय? ह्याला टेबल उघडता येत नाय."

तो तरुण हसला. मीही हसलो. आणि कसं कोण जाणे, हसताना घसा मोकळा झाला. "मी फक्त सांगायला बसलोय," मी म्हणालो. "मी येशूवर विश्वास ठेवतो. ऐकायचं की नाही, ते ऐकणाऱ्याचं." एवढंच. तो "ठीक हाय" म्हणाला आणि गेला. आकाश जागेवर होतं. मी ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. खोकला आला नव्हता.

उन्हं उतरायला लागल्यावर डोंगराकडच्या वाडीवरची एक बाई आली. डोक्यावरचा भारा उतरवून तिने पायरीवर बैठक मारली, घाम पुसला आणि म्हणाली, "म्हातारा नाय का आला? बरं. तू सांग. दर साली एक गोष्ट असती माझी."

मी घाईघाईने पुस्तिका उघडली.

"वाचू नको. सांग."

मग मी सांगितली. एका माणसाची शंभर मेंढरं होती, त्यातलं एक हरवलं, तेव्हा नव्व्याण्णव रानात ठेवून तो त्या एकाला शोधायला गेला. तिला मेंढरांपेक्षा शेळ्या जवळच्या वाटतील म्हणून मी शेळ्याच केल्या. सांगता सांगता रंगलो. काटे घातले, ओढा घातला, तहानलेली शेळी घातली. शेळी खांद्यावर घेऊन तो घरी आला तेव्हा मला वाटलं, जमलं.

बाई माझ्याकडे संशयाने बघत होती. "आणि त्या नव्व्याण्णव?"

"त्या... रानात."

"कोणाच्या भरवशावर? बिबट्या नाय त्याच्या रानात?"

"तसं... लिहिलेलं नाही."

"मी आधी कोंडल्या असत्या, मंग गेली असती," ती म्हणाली. मावशीने लांबून मान हलवली. तिलाही पटलं होतं.

एरवी अशा वेळी मी चष्मा काढला असता. त्या दिवशी हात वर गेला, आणि खाली आला. मी म्हटलं, "बाय, नव्व्याण्णवांचं मला खरंच माहीत नाही. पण जी हरवली ना, तिचं माहीत आहे. ती मीच होतो."

आणि मग जे मी पाळकांनाही सांगितलं नव्हतं, ते रोह्याच्या बाजारात, सुकटीच्या वासात, एका अनोळखी बाईला सांगितलं. बाबांना झटका आला त्या दिवशी मी इस्पितळाच्या जिन्यात बसलो होतो. घरभर गोष्टी सांगणाऱ्या माणसाला एक शब्द सुचत नव्हता. प्रार्थनासुद्धा नाही. देव आहे की नाही हेही त्या घटकेला मला सांगता आलं नसतं. आणि तरी कोणीतरी मला शोधत त्या जिन्यापर्यंत आलं आहे, शेजारी बसलं आहे, असं मला कळलं. बाबा बरे होतील असं काही कळलं नाही. मी एकटा नाही, एवढंच कळलं. "तो येशू होता असं मी मानतो," मी म्हणालो. "माझ्याकडे एवढीच गोष्ट आहे."

तिने भाऱ्याची गाठ आवळली. मग विचारलं, "तू जिन्यात बसलास, तवा घर कोणी बघितलं?"

"बायकोने."

"हां," ती समाधानाने म्हणाली. "म्हंजे नव्व्याण्णव तिच्याकडं होत्या. आता पटली गोष्ट."

उठता उठता तिने भाऱ्यावर हात ठेवला आणि नजर दुसरीकडे वळवून म्हणाली, "माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. वीटभट्टीवर गेलीत ती आणि जावई, लांब. म्हातारा मागायचा तसं कायतरी माग."

भर बाजारात. टेबलापुढे माणसं जात-येत होती. मी हात जोडले, डोळे मिटले, आणि चष्मा नाकावर तसाच ठेवून मोठ्याने तिच्या लेकीसाठी आणि येणाऱ्या बाळासाठी मागितलं. बाबांसारखं लांबलं नाही, पण शेवटपर्यंत गेलं. डोळे उघडले तेव्हा बाई पदराने डोळे पुसत होती. सुकटवाल्या मावशीने डोक्यावर पदर घेतला होता आणि पुढ्यातल्या गिऱ्हाइकाला हाताने "थांब" केलं होतं.

"पुढच्या साली दुसरी गोष्ट," बाई भारा उचलत म्हणाली.

"आणि आवस लावून आण," मावशी म्हणाली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. मी टेबल भिंतीला टेकवलं आणि सगळं सांगितलं, आधारवाल्या आजोबांपासून. नव्व्याण्णवांचा प्रश्न आला तसे बाबा हसायला लागले. झटक्यानंतर त्यांचं हसू अर्ध्याच चेहऱ्यावर येतं, त्या दिवशी ते तिथे मावत नव्हतं.

"मला... पण," ते म्हणाले. "तिनंच."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"माहीत... नाय... म्हटलं."

बाईने काढलेलं उत्तर मी सांगितलं तेव्हा स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको बाहेर आली. मला वाटलं काही टोमणा येईल. माझ्या पानात तिने दोन बोंबील जास्त वाढले, आणि आमच्या पंचवीसेक वर्षांच्या संसारात याहून मोठी पदवी मला मिळालेली नाही. अभिमान वाटतो म्हणणं आमच्या मंडळीत बरं दिसत नाही. पण वाटला. बाबांचा, तिचा, आणि चोरून थोडा माझाही.

जेवणाआधी बाबांनी माझ्याकडे बोट केलं. प्रार्थना मी केली. आमटी गार झाली.

सोमवारी कॅन्टीनमध्ये डबा उघडला, हात जोडले, डोळे मिटले. समोरचा म्हणाला, "साहेब, डोकं दुखतंय का?"

"नाही रे. प्रार्थना करतोय. मी ख्रिस्ती आहे. इतके दिवस चष्मा पुसता पुसता करायचो."

"मग ती स्प्रेची बाटली?"

"काचांनाच वापरतो," मी म्हटलं. तो बिचारा बराच वेळ विचार करत जेवला.

पुढच्या रविवारी उपासनेहून आल्यावर मी टेबल माळ्यावर टाकायला निघालो होतो. बाबांनी काठी आपटली. "खाली... ठेव." मग डाव्या हाताने खिसा चाचपला, शिसपेन्सिल काढली आणि माझ्यापुढे धरली. उरलेल्या कॅलेंडरांचा गठ्ठा अजून पिशवीतच होता. मी गठ्ठा आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं पंचांग घेऊन त्यांच्याजवळ बसलो आणि आवस, पुनव, उधाण लावायला लागलो. ही कॅलेंडरं बायकोच्या माहेरची माणसं रोह्यात वाटतील, पुढच्या नाताळची मी वेळेवर करेन. माझी रेघ वाकडी गेली की बाबा बोटाने दाखवतात, मी खोडतो. पाण्याची वेळ चुकली तर मावशी मला सुकटीबरोबर वाळत घालेल.